तीन अंशांचा फरक

माझ्या दुकानात गेल्या एकतीस वर्षांत एकही माणूस "मिस्त्री, गाडी मी खड्ड्यात घातली" असं म्हणत आला नाही. गाडी आपोआप डावीकडं ओढते. स्टेअरिंग आपोआप थरथरतं. टायर आपोआप एका बाजूनं झिजतं. नांदेडात लातूर फाट्याच्या अलीकडं माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान. गाडीची चारी चाकं एकमेकांशी किती अंशात उभी आहेत ते मोजायचं आणि बिघडलं असेल तर जागेवर आणायचं, एवढाच धंदा. पण खरं सांगू का, निम्मा वेळ मोजण्यात जातो आणि निम्मा समोरचा काय लपवून राहिला ते शोधण्यात.

देगलूरचा एक जीपवाला आला होता. "एमी लेदु मिस्त्री, काहीच झालं न्हाई, सरळ रस्त्यानं आलो." मी जीप वर घेतली तर पुढच्या चाकामागून अख्खं पऱ्हाटीचं झाड निघालं, बोंडासकट. म्हणलं, "तुमच्या देगलूरात डांबरावर कापूस पिकतो का रे?" तरी गडी शेवटपर्यंत कबूल झाला नाही. कंधारचे एक गुरुजी तर देवाशपथ सांगत होते की गाडीला ओरखडाही गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाई एकट्याच दुकानात आल्या आणि हळूच म्हणल्या, "दादा, ती दगडावर मी घातली. पहाटं शिकून राहिले. त्यांना बोलू नका." असले अनुभव घेता घेता माझा स्वभावच तसा झाला. घरी बायको म्हणते, तुम्ही देवाच्या घंटेलाही विचाराल, खरंच वाजलीस का. मला त्याचा अभिमान होता. शकी माणसाला कोणी फसवत नाही, असं माझं मत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

प्रतीक्षा दुकानात आली ती काखेत एक लांब फळी घेऊन. वय असेल सव्वीस-सत्तावीस. मूळची देवणीकडची, घरी शेती, इथं नांदेडात लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी. बंगळूरला शिकायला होती तेव्हा हे फळीवरून घाट उतरायचं वेड लागलं म्हणाली. फळीला लाँगबोर्ड म्हणतात. तिच्यावर उभं राहायचं, हातात धरायला काही नाही, पायाखाली ब्रेक नाही, आणि डोंगरावरून साठच्या वेगानं खाली यायचं. मी म्हणलं, "बाई, तुझ्या वडलाला माहीत हाय का?"

"हाव. त्यांनी एकदा बघितलंय. परत बघायला आले न्हाईत."

तिच्याजवळ फळीखाली बसवायचे दोन जोड होते. चाकांचा आस आणि त्याला वळू देणारी बैठक मिळून जो भाग होतो त्याला हे लोक ट्रक म्हणतात. एक पुढं, एक मागं. दोन्ही जोड बंगळूरच्या कोणीतरी बघायला दिलेले, त्यातला एक ठेवून घ्यायचा होता. एका जोडाची बैठक कायमची एकाच कोनात. दुसऱ्याचा कोन दोन बोल्ट सैल करून कमीजास्त करता यायचा. इथं हे बघून देणारं कोणी नाही, तेव्हा कोणीतरी तिला माझं नाव सांगितलं.

मला तो बदलता येणारा जोड बघताक्षणी आवडला नाही. जे हलवता येतं ते हलतं, हा माझा नियम. पण आत किंगपिन म्हणजे मधला जाड बोल्ट होता, त्यावर रबरी बुश होते, वायसर होते, म्हणजे सगळी आपलीच मंडळी. मी दोन्ही जोड खोलले. आस काचेवर लोळवून बघितला, वाकडा नव्हता. बैठकीच्या टोकाला जिथं आस टेकतो तिथं अंगठा ठेवून हलवून बघितलं, कायमच्या कोनाच्या जोडात खुळखुळ लागली, बदलत्या जोडात लागली नाही. बोल्टचे आटे तपासले. आकडे कोरले होते ते घासून गेलेले, पण लोखंड इमानदार होतं. शेवटी मीच म्हणलं, "हाच ठेव. पण मोजल्याशिवाय एकदाही उतरायचं न्हाई."

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. कोन जितका जास्त तितकी फळी थोड्या झुकण्यानं जास्त वळते. कोन कमी केला की ती हट्टी होते, सरळ पळते. उतारावर पुढचा ट्रक वळणारा पाहिजे आणि मागचा हट्टी. मागचाही वळायला लागला की वेगात शेपूट हलतं, आणि एकदा हलायला लागलं की थांबत नाही. मोटारवाल्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण आमचं सगळं आयुष्य दोन्ही बाजू सारख्या करण्यात गेलेलं. तिनं मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी तिला दुसरी गोष्ट समजावली. फळी हलते म्हणून किंगपिनवरचा मधला नट आवळत सुटायचं नाही, त्यानं बुश चेपतो आणि मरतो. अंगाच्या वजनाप्रमाणं बुशच कडक घ्यायचा आणि नट बोटानं बसेल त्याच्यावर थोडासाच फिरवायचा. आम्ही तीन बुश बदलून बघितले. शेवटी पुढं पंचेचाळीस अंश, मागं पंचवीस, असं ठरलं. कंधारकडच्या डोंगरात नवीन रस्ता झाला होता, अजून रहदारी सोडलेली नव्हती. तिथं ती उतरून आली आणि दुकानात येऊन म्हणाली, "मिस्त्री, एवढी सरळ मी कधीच उतरले न्हाई." मी वरून काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना जिलबी घेऊन गेलो.

तिच्यासोबत माधव असायचा. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा, तिशीतला, चष्मेवाला. तोही उतरायचा. पण त्याचं मोठं काम म्हणजे आंधळ्या वळणावर उभं राहायचं, खालून म्हैस, ट्रॅक्टर, माणूस काही येत नाही ना ते बघायचं आणि वर फोनवरून कळवायचं. तो "मोकळा" म्हणाला की ही फळीवर पाय ठेवायची. म्हणजे तिचा जीव त्याच्या एका शब्दावर. दुकानात आला की हा पोरगा माझ्याकडं न बघता माझ्या अवजारांकडं बघायचा, आणि बोलायचा मोजकंच. मला असली माणसं पटत नाहीत. जास्त बोलणारा खोटं बोलतो ते कळतं तरी, गप्प बसणाऱ्याचं काय धरायचं?

दसरा झाला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाहेरगावचे उतरणारे सात-आठ जण त्या रस्त्यावर येणार होते. प्रतीक्षाला त्यांच्यासमोर पूर्ण वेगानं, मध्ये कुठंही न थांबता उतरायचं होतं. दसऱ्यानंतर चार दिवसांनी ती तपासायला म्हणून फळी घेऊन आली. मी फळी उलटी टाकली, कोन मोजायचं माझं काट्याचं अँगल गेज लावलं, आणि चपापलो. पुढं अठ्ठेचाळीस. मागं बावीस.

आता बघा. बोल्ट आपोआप सैल झाले असते तर कोन कसाही गेला असता. इथं पुढं बरोबर तीन वाढलेले आणि मागं बरोबर तीन कमी. धक्क्यानं असं हिशोबानं होत नाही, हाताचं काम आहे. मी विचारलं, "कोणी हात लावला का?"

"न्हाई ओ. माझ्या खोलीतच असते. उतरायला गेलं की मी आन् माधव, तिसरं कोण?"

मी पुन्हा पंचेचाळीस आणि पंचवीस केलं आणि तिच्या नकळत बोल्टच्या डोक्यावरून बैठकीवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. बोल्ट कोणी फिरवला की रेघ तुटणार.

आठवड्यानं फळी आली. रेघ तुटलेली. आणि गेज पुन्हा अठ्ठेचाळीस, बावीस!

माझ्या अंगात काय संचारलं सांगू. एकतीस वर्षांत असा रंगेहाथ कोणी सापडला नव्हता. मी तिला रेघ दाखवली. तिनं तिथंच माधवला फोन लावला, आवाज मोठा करून.

"माधव, माझ्या बोर्डाचे बोल्ट तू फिरवलेस का?"

पलीकडून तो म्हणाला, "हाव. सेटिंग चुकलेलं होतं, म्हणून नीट केलं."

"कशानं मोजलंस?"

"मोबाइलनं. त्यात कोन मोजायचं ॲप असतं."

मी मोठ्यानं हसलो. मोबाइलनं! तो पुढं म्हणाला, "तुला सांगणार होतो, पण मिस्त्रींच्या पुढं तू माझं ऐकत न्हाईस. म्हणलं आधी त्यांना भेटून..." तिनं फोन ठेवला. चेहरा लालभडक. खरं तर तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण जीभ सुटली होती. म्हणलं, "त्या रविवारी तोही उतरणार हाय ना? मग सगळ्यात आधी खाली कोणाला पोचायचं असंल, तूच बघ." हे वाक्य मी बोललो. आजही कानात वाजतं आणि लाज वाटते.

तिनं माधवला येऊ नको म्हणून सांगून टाकलं. मी पुन्हा कोन लावले, पुन्हा रेघ ओढली. वळणावर कोण उभं राहणार, हा प्रश्न होता. मी म्हणलं, मी राहतो.

त्या रविवारच्या दोन दिवस आधी सरावाला गेलो. सकाळची वेळ. मी लाल फडकं घेऊन वळणावर. खाली एक म्हातारा बैल हाकत चालला होता तो जाऊ दिला आणि फोनवर म्हणलं, "मोकळा." वरून ती आली. अंगावर कातडी सूट, डोक्यावर हेल्मेट, गुडघे वाकवून, हात पाठीमागं. वळण झकास काढलं. माझ्यापासून शंभर-सव्वाशे पावलं पुढं सरळ उतार लागतो, तिथं वेग वाढतो. तिथं मी बघितलं, फळीचं शेपूट हललं. एकदा. मग दोनदा. मग ते थांबेचना. आणि ती रस्त्यावरून उचलली गेल्यासारखी शेजारच्या तुरीत गेली.

पळताना माझ्या मनात काय आलं माहीत आहे? ती जिवंत आहे का, हे नाही. आधी आलं, माधवनं पुन्हा हात मारला.

हेल्मेटनं जीव वाचवला. डावीकडचं हसळीचं, गळ्याखालचं हाड मोडलं, कोपर सोललं. दवाखान्यात तिचे वडील देवणीहून आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. माझ्यासमोर हात जोडून म्हणले, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं, न्हाईतर लेकराकडं कोण बघितलं असतं?" मी मान हलवली. मला वाटलं, खऱ्या कसूरवाराला मी आता पकडूनच देतो.

फळी दुकानात आणली. दुपारची वेळ. आधी रेघ बघितली. पिवळी रेघ चारी बोल्टांवर अखंड. केसभरही तुटलेली नाही. गेज लावलं. पुढं पंचेचाळीस, मागं पंचवीस. जसं मी लावलं होतं तसंच.

म्हणजे कोणी हात लावला नव्हता. शेवटचा हात माझाच होता.

मग जे कारागिरानं सगळ्यात आधी करायला पाहिजे ते सगळ्यात शेवटी केलं. गेज त्याच जागी उलटं फिरवून ठेवलं. गेज खरं असेल तर तोंड इकडं असो का तिकडं, आकडा बदलत नाही. माझ्या गेजचा आकडा सहा अंशांनी बदलला, म्हणजे चूक त्याच्या निम्मी, तीन अंशांची. पुढचा ट्रक खरा बेचाळीसवर होता आणि मागचा अठ्ठावीसवर. मागचं चाक वळायला मोकळं करून मीच तिला उतारावर सोडलं होतं.

गेज पालथं केलं. बुडाला, कडेला, वाळून दगड झालेलं हळदीकुंकू. आणि त्यात घट्ट बसलेला तांदळाचा दाणा.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही दुकानातली सगळी अवजारं धुऊन मांडतो, पूजा करतो. गेजची पाळी आली तेव्हा मीच बायकोला म्हणलो होतो, "काचेवर लावू नको, आकडे दिसणार न्हाईत, बुडाला लाव." तिनं बुडाला ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. आणि पूजेचं कुंकू फडक्यानं पुसायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं, हा आमच्या दुकानाचा रिवाज. एका बाजूला दाण्यानं गेज उचललं गेलं, आणि पुढच्या-मागच्या ट्रकची तोंडं एकमेकांच्या उलट. म्हणून पुढं तीन जास्त दिसले आणि मागं तीन कमी. हिशोबानं. मी म्हणलं तसंच, हाताचं काम होतं.

आणि माधवनं मोबाइलनं मोजून तिची फळी दोनदा वाचवली असती. एकदा वाचवलीही.

यानंतर मी जे केलं ते सांगायला आणखी जड जातं. मी दाणा खरवडून काढला आणि पाच दिवस कोणाला काही बोललो नाही. दवाखान्यात रोज जायचो, फळं न्यायचो. प्रतीक्षा विचारायची, "काय झालं असंल ओ मिस्त्री?" मी म्हणायचो, बघून राहिलोय. तिचे वडील मला चहा पाजायचे. एकतीस वर्षं ज्या गिऱ्हाइकांना हसलो, त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो होतो. आपोआप झालं असंल.

सहाव्या दिवशी लातूरची एसटी धरली. तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून आधी माधवकडं. क्लासच्या जिन्यात भेटला, हाताला खडू. मी सगळं सांगितलं, दाण्यासकट. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "गेजमध्ये काहीतरी हाय हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण तुम्ही मला बोलूच कुठं दिलं, काका? आन् मीही चोरून बोल्ट फिरवायला नको होते. तुमच्यासमोर बोलायला पाहिजे होतं. भ्यालो मी तुम्हाला." मग त्यानं चष्मा काढून पुसला. "तिला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग इकडं कामून आलात? आधी तिच्याकडं जायचं."

लेकराएवढा माणूस, पण मला वर बघता आलं नाही. त्याच एसटीनं परत आलो आणि सरळ दवाखान्यात गेलो. वडील तिथंच होते. त्यांच्यासमोर सांगितलं. मला वाटलं होतं म्हातारा अंगावर येईल. त्यानं माझ्यासाठी ओतलेला चहाचा कप हळूच उचलून स्वतःजवळ ठेवला. प्रतीक्षा भिंतीकडं बघत म्हणाली, "मला पडल्याचं काही न्हाई, मिस्त्री. पडते मी. पण तुमच्यामुळं मी माधवला काय काय बोलले, माहीत हाय का तुम्हाला?" मग रडली. एका हातानं डोळे पुसता येईनात तिला. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि मीही रडलो.

मला वाटलं, संपलं. पण ऊन तापायला लागलं तेव्हा एका सकाळी ती आली. सोबत माधव. फळी माझ्या टेबलावर ठेवली. "दुसरीकडं कुठं न्यायची? इथं कोणाला येतं हे?" एवढंच म्हणाली. माफ केलं वगैरे काही नाही.

मी गेजचं बूड पुसलं. लावलं, उलटं फिरवून परत लावलं. पुढं पंचेचाळीस, मागं पंचवीस. बोल्ट आवळले. आणि मी हात काढतो न काढतो तोच माधवनं खिशातून स्वतःचं गेज काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यापासून सगळं मोजायला घेतलं. खोटं कशाला बोलू, लागलं मला. दुकानात माझ्यामागं कोणी मोजलेलं मी कधी खपवून घेतलं नव्हतं. त्याच्याही ते ध्यानात आलं. कान लाल झाले त्याचे. म्हणाला, "तुमच्यावर शक न्हाई, काका."

"ठेव की शक. ठेवायलाच पाहिजे," मी म्हणलं. "फक्त मला समोर विचार. मी तुला एकदाही विचारलं न्हाई, ते माझं चुकलं."

त्यानं प्रतीक्षाकडं बघितलं. ती फळीकडंच बघत होती. मग त्यानं गेज खाली ठेवलं, मागच्या ट्रकच्या नटावर बोट ठेवलं आणि वर्गात विचारतात तसं सरळ विचारलं, "हा नट किती फिरवलात? आन् तेवढाच कामून?"

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो आणि उत्तर द्यायला लागलो.